‘हळुवार धुवा’ म्हणजे नेमकं किती हळुवार?

सेल कल्चरचा कुठलाही पेपर उघडा आणि मेथड्सचा भाग वाचा. पेशी कुठल्या, मीडियम कुठलं, सीरम किती टक्के, औषध किती मायक्रोमोलर, किती तास ठेवलं, सगळं आकड्यांत दिलेलं असतं. मग एक वाक्य येतं: ‘पेशी बफरने तीन वेळा हळुवार धुतल्या.’ या वाक्यात आकडा एकच, तीन. बाकी सगळं ‘हळुवार’ या शब्दावर सोडून दिलेलं असतं.

आजची पोस्ट या शब्दाबद्दल आहे, आणि त्याच्या भरवशावर डिझाइन केलेल्या उपकरणांबद्दल. तुमच्यापैकी बरेच जण एम.एस्सी.चं डेझर्टेशन करताय किंवा पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूची तयारी करताय. बायोलॉजी आणि इंजिनिअरिंग यांच्या मधला एखादा प्रोजेक्ट करा, असं हल्ली सगळेच सुचवतात. त्यात हा विषय हमखास येतो: एक सिरिंज पंप, थोडं थ्रीडी प्रिंटिंग, एक मायक्रोकंट्रोलर, आणि त्यातून नाजूक पेशी धुणारं स्वस्त यंत्र. कल्पना चांगलीच आहे. पण असे प्रोजेक्ट रिपोर्ट, थिसिसमधली चॅप्टर्स आणि काही छापून आलेली डिझाइन्ससुद्धा वाचताना मला एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो. तो आधीच सांगून टाकते: ही उपकरणं हळुवारपणा यंत्राच्या वेगात मोजतात. पेशीवर प्रत्यक्ष किती जोर पडला आणि धुताना किती पेशी वाहून गेल्या, हे मोजत नाहीत.

यात कोणाचं काय अडलंय, असं वाटेल. अडतं ते विद्यार्थ्याचं. पुण्याच्या एनसीसीएससारख्या ठिकाणाहून सेल लाइन मागवायची, आठवडाभर वाढवायची, औषध द्यायचं, आणि शेवटच्या दिवशी धुताना वेलच्या मधोमध टक्कल पडायचं. मग सीनियर म्हणतात, ‘तुझा हात जड आहे.’ दुसऱ्या कुणाचा हात हलका असतो, त्याचे प्रयोग ‘येतात’. जो प्रयोग एकाच्या हाताने येतो आणि दुसऱ्याच्या हाताने येत नाही, त्याला आपण संशोधन म्हणायचं की हातगुण? चांगल्या उपकरणाचं काम हा प्रश्न संपवणं हे आहे. म्हणून त्याच्या डिझाइनकडे जरा कडक नजरेने बघायला हवं.

आधी ठरवा: किती धुवायचं?

गंमत म्हणजे ‘किती हळू’ याच्या आधीचा प्रश्न, ‘किती स्वच्छ’, हाच बऱ्याच डिझाइनमध्ये विचारलेला नसतो. तो साध्या गणिताने सुटतो. ९६ वेलच्या प्लेटमधला एक वेल घ्या. पेशी वाढतात तो तळ साधारण ०.३२ चौरस सेंटिमीटरचा. त्यात १०० मायक्रोलिटर द्रव टाकला की सुमारे ३ मिलिमीटर उंचीचा थर होतो.

आता समजा, जुनं द्रव शोषून घेताना तळाशी २० मायक्रोलिटर शिल्लक राहिलं आणि नवं बफर टाकून तुम्ही एकूण २०० केलं. जुनी गोष्ट १० पट पातळ झाली. असं तीन वेळा केलं की १००० पट. ते प्रसिद्ध ‘तीन वेळा’ बहुतेक वेळा इतकंच सांगत असतं.

पण शिल्लक ५० मायक्रोलिटर ठेवलं तर? दर वेळी ४ पट. १००० पटीला पोचायला पाच वेळा धुवावं लागेल, कारण चाराचा पाचवा घात १०२४. म्हणजे तीनऐवजी पाच वेळा धुवायची तयारी असेल, तर पेशींवर कायम दीड मिलिमीटर द्रवाचं पांघरूण ठेवता येतं. इथेच डिझाइनची पहिली निवड येते. शिल्लक द्रव आणि वॉशची संख्या यांचा हा सौदा ज्या रिपोर्टमध्ये मांडलेला नाही, तिथे तीन हा आकडा सवयीतून आलाय असं समजा.

काही डिझाइनमध्ये एका नळीतून बफर येत राहतं आणि दुसरीतून जात राहतं, पातळी तीच राहते. ऐकायला छान वाटतं. पण द्रव नीट मिसळत असेल असं धरलं, तरी १००० पटीसाठी वेलमधल्या द्रवाच्या जवळजवळ ७ पट बफर लागतं. वेलमध्ये २०० मायक्रोलिटर ठेवलं तर सुमारे १४०० मायक्रोलिटर, ५० ठेवलं तर सुमारे ३५०. वरच्या पाच वॉशना एकूण ७५० लागलं होतं. म्हणजे ‘सतत प्रवाह’ हा शब्द ऐकून भुलू नका, पातळी किती ठेवलीय ते विचारा.

शिवाय ‘नीट मिसळत असेल’ हे गृहीतक तपासावं लागतं. छोटा रेणू नुसत्या डिफ्यूजनने ३ मिलिमीटर जायचा म्हटला तर दोन-अडीच तास घेतो. ०.१ मिलिमीटर जायला साधारण १० सेकंद पुरतात. अँटीबॉडीसारख्या मोठ्या रेणूला तेवढ्याच अंतराला दोनेक मिनिटं. प्रवाह वरच्या वर फिरत राहिला आणि तळाशी जाडसर थर स्थिर राहिला, तर यंत्र अतिशय हळुवार असेल, पण ते पेशी धुतच नसेल.

एलायझाकडून आलेला वारसा

हे प्लेट वॉशर मुळात कशासाठी बनले, हे माहीत असलं की त्यांचे बरेच दोष आपोआप समजतात.

छोट्या खड्ड्यांच्या प्लेटची कल्पना हंगेरीतल्या ग्युला टाकाट्सी यांची, १९५१ सालची, इन्फ्लुएन्झाच्या चाचण्यांसाठी. १९७१ मध्ये स्टॉकहोमला एंग्वाल आणि पर्लमान यांनी, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये व्हान वीमेन आणि स्खुर्स यांनी एलायझाची पद्धत मांडली. पुढे एलायझा आणि ही प्लेट यांची जोडी जमली, आणि प्लेट धुणारी यंत्रं या जोडीसाठी घडत गेली.

एलायझात तळाला चिकटलेलं असतं प्रोटीन. ते पॉलिस्टायरीनला घट्ट धरून बसतं. बफरमध्ये ट्वीन-२० नावाचं डिटर्जंट असतं. जोरात भरा, पूर्ण शोषून घ्या, वर प्लेट उलटी करून टिश्यू पेपरवर आपटा, काही बिघडत नाही. उलट जितकं कोरडं कराल तितकं बॅकग्राउंड कमी. त्यामुळे अशा वॉशरच्या डिझाइनमध्ये चांगलेपणाचं माप एकच होतं: वेलमध्ये शेवटी किती कमी द्रव उरतं.

हेच यंत्र पेशींसाठी वापरायची वेळ आली तेव्हा त्यावर ‘हळू’ मोड बसवला गेला. पंपाचा वेग कमी करा, सुया थोड्या वर उचला, काही यंत्रांत बफर सोडणाऱ्या सुया तिरक्या करून धार भिंतीवर पाडा. हे बदल उपयोगी आहेत, ते नाकारत नाही. पण मूळ माप बदललेलं नाही. अजूनही माहितीपत्रकात सगळ्यात ठळक आकडा उरलेल्या द्रवाचाच असतो, आणि तो जितका कमी तितकं यंत्र चांगलं. पेशींसाठी हे माप पार उलटं आहे. पेशींसाठी विचारायचं ते असं: ठराविक द्रव प्रत्येक वेलमध्ये सारखं आणि खात्रीने शिल्लक ठेवता येतं का?

घरी बनवलेल्या यंत्रांनीही हाच वारसा घेतलाय. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट महागड्या वॉशरची स्वस्त नक्कल करतात, आणि किमतीबरोबर त्याचं चुकीचं मापही उचलतात.

वेग कमी म्हणजे हळुवार?

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीचं पुरेल.

२०० मायक्रोलिटरच्या टिपचं तोंड साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्यातून १०० मायक्रोलिटर अर्ध्या सेकंदात सोडलं, आणि घाईत आपण सगळे तसंच सोडतो, तर धारेचा वेग सेकंदाला जवळजवळ १ मीटर येतो. तळावर सरळ आदळली तर मध्यभागी दाब सुमारे ५०० पास्कल. मधल्या बिंदूच्या भोवती द्रव बाहेर पळतं तिथे शिअर स्ट्रेस पडतो, म्हणजे द्रव घासत जाताना पेशीला बसणारी ओढ. ढोबळ अंदाज केला तरी ती दहा पास्कल किंवा त्याहून वर जाते. तुलनेसाठी, आपल्या मोठ्या धमन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी साधारण १ ते २ पास्कलमध्ये आयुष्य काढतात, आणि त्या या कामासाठीच घडलेल्या आहेत. डिशमध्ये वाढवलेला न्यूरॉन किंवा सैल चिकटणाऱ्या एचईके २९३ पेशी तशा नाहीत. आता कळलं ना, टक्कल मधोमधच का पडतं?

तेवढंच द्रव ५ सेकंदांत सोडा. वेग दहावा हिस्सा, दाब शंभरावा हिस्सा, म्हणजे ५ पास्कल. शिअर स्ट्रेस साधारण तिसाव्या हिश्शावर येतो, कारण अशा शांत धारेत तो वेगाच्या दीड घाताने बदलतो. साडेचार सेकंद जास्त थांबून एवढा फायदा होत असेल तर वेग कमी करणारे बरोबरच म्हणायचे. इथपर्यंत माझंही काही भांडण नाही.

भांडण पुढे आहे, तीन ठिकाणी.

पहिलं, सरासरी वेग. रिपोर्टमध्ये लिहितात, ‘प्रवाह मिनिटाला अमुक मायक्रोलिटर’. पण पेरिस्टाल्टिक पंप ठोक्याठोक्याने ढकलतो, आणि सिरिंज पंपही पायरीपायरीने. २०१४ मध्ये मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतल्या गटाने थ्रीडी प्रिंटरवर बनणाऱ्या सिरिंज पंपाचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि गरीब लॅबचं मोठं काम झालं. पण असा पंप बनवताना एक हिशोब करा. मोटरच्या एका फेरीत २०० पायऱ्या आणि स्क्रूचा आटा १.२५ मिलिमीटर असेल, तर एका पायरीत दांडा ६.२५ मायक्रोमीटर सरकतो. ६० मिलिलिटरची सिरिंज लावली तर प्रत्येक पायरीला जवळजवळ साडेतीन मायक्रोलिटरचा धक्का बसतो. १ मिलिलिटरची लावली तर ०.१ मायक्रोलिटरचा. सरासरी वेग दोन्हीकडे तोच ठेवता येईल, पेशींना मात्र दोन वेगळ्या गोष्टी सोसाव्या लागतील. पेशीला सरासरी कळत नाही, तिला सगळ्यात मोठा धक्का कळतो.

दुसरं, थेंब. ‘थेंब थेंब सोडलं की हळुवार’ हा समज फार घट्ट आहे. सलाईनसारखं लावून थेंब पाडणारी डिझाइन्स मी पाहिली आहेत. १० सेंटिमीटरवरून पडणारा थेंब पृष्ठभागावर पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १.४ मीटर असतो. म्हणजे वरच्या घाईतल्या धारेपेक्षा जास्त! खाली ३ मिलिमीटर द्रव असेल तर ते बराचसा मार झेलतं, पण वेल नुकताच रिकामा केला असेल तर झेलायला काहीच नाही. उंचीचा दाब वापरायचा तर खुशाल वापरा, तो पंपापेक्षा शांत असतो. फक्त नळीचं तोंड द्रवाला किंवा भिंतीला टेकलेलं ठेवा, थेंब तुटू देऊ नका.

तिसरं भांडण सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच रिपोर्टमधून गायब असतं. सगळं लक्ष बफर टाकण्यावर असतं. काढण्याचं काय? द्रव पूर्ण शोषून घेतलं की हवा आणि द्रव यांच्यामधली सीमा पेशीवरून सरकत जाते. त्या सीमेला पृष्ठताण असतो, पाण्याचा सुमारे ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. पेशीची उंची १० मायक्रोमीटर धरली, तर या पृष्ठताणातून येणाऱ्या दाबाची वरची मर्यादा ७००० पास्कलच्या आसपास जाते. सीरममुळे पृष्ठताण थोडा उतरतो, पेशीवर पातळ थर राहिला तर बराच मार चुकतो, म्हणून प्रत्यक्षात कमी पडेल. पण दहा पास्कलच्या धारेची काळजी करून पुढच्याच क्षणी हजारोंची जोखीम घ्यायची, हे काही पटत नाही.

जीवाणूंबद्दल हे चांगलं अभ्यासलं गेलंय. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं, की पृष्ठभागावर चिकटलेल्या जीवाणूंवरून हवेचा बुडबुडा गेला की ते सुटतात, आणि बुडबुडा हळू गेला तर जास्त सुटतात. कारण समजायला सोपं आहे. सीमा वेगाने सरकली तर मागे द्रवाचा जाडसर थर राहतो, हळू सरकली तर थर पातळ होतो आणि सीमा थेट जीवाणूला भिडते. पेशी म्हणजे जीवाणू नव्हेत, आकडे जसेच्या तसे लावू नका. पण ‘जितकं हळू तितकं हळुवार’ हे वाक्य सगळीकडे खरं नाही, एवढं तरी यातून नक्की कळतं. म्हणून शोषणाचा वेग किती ठेवावा यावर डोकं घालवण्यापेक्षा ती सीमा पेशींपर्यंत पोचूच नये असं डिझाइन करा. मघाचे ५० मायक्रोलिटर आणि पाच वॉश आठवा.

वाचलेल्यांचीच मोजणी

आता माझी मुख्य तक्रार. यंत्र बनलं, चाललं, मग ते हळुवार आहे हे सिद्ध कसं करतात? बहुतेक वेळा असं: धुतल्यावर पेशींना ट्रिपॅन ब्लू दिला, जिवंत किती ते पाहिलं, ‘व्हायेबिलिटी ९५ टक्क्यांच्या वर’ असं लिहिलं, खाली बार ग्राफ. झालं.

पण तुम्ही कुणाला मोजलंत? जे उरले त्यांना. जे वाहून गेले ते कचऱ्याच्या बाटलीत आहेत, आणि तिकडे कुणी पाहिलंच नाही. हे म्हणजे परीक्षेला बसलेल्यांतले ९५ टक्के पास झाले असं सांगून, मध्येच शाळा सोडून गेलेल्यांचा आकडा न सांगण्यासारखं आहे.

बरं, वाहून जाणाऱ्या पेशी कुठल्याही नसतात. विभाजन चालू असताना पेशी गोल होते आणि तळाची पकड सैल करते. हे इतकं भरवशाचं आहे की १९६३ मध्ये तेरासिमा आणि टॉल्मॅक यांनी त्यावरून पद्धतच बसवली: हेला पेशींची बाटली हलवायची आणि विभाजन पावणाऱ्या पेशी वेगळ्या गोळा करायच्या. आजही ती वापरतात. मरायला टेकलेल्या पेशीही अशाच सैल होतात. म्हणजे प्रत्येक वॉश ही एक निवड असते. विभाजन पावणाऱ्या आणि मरणाऱ्या पेशी आधी जातात, शांत आणि घट्ट बसलेल्या मागे राहतात.

याचा परिणाम औषधांच्या चाचणीत काय होतो पाहा. पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध पेशीला विभाजनाच्या मध्यावर अडकवतं. २४ तासांनंतर वेलमध्ये गोल, सैल, पण अजून जिवंत अशा भरपूर पेशी असतात. तुम्ही धुता. त्या जातात. मग एमटीटी करता, रंग कमी येतो, आणि तुम्ही लिहिता की औषधाने इतक्या टक्के पेशी मारल्या. त्यातल्या किती औषधाने मारल्या आणि किती तुमच्या वॉशरने? कंट्रोल वेलमध्ये सैल पेशी कमी, म्हणून तिथे वॉशचं नुकसानही कमी. ‘कंट्रोललाही तसंच धुतलं होतं’ हे उत्तर इथे चालत नाही.

म्हणूनच मला वाटतं, की हळुवारपणा ही पेशींवर करायची दया नाही. तो मोजमापाचा प्रश्न आहे. ‘नाजूक पेशींना जपणारं यंत्र’ अशी भाषा वापरली की हा मुद्दा झाकला जातो.

बफरही यंत्राचाच भाग

आणखी एक गोष्ट डिझाइनवाले बायोलॉजीवाल्यांवर सोडून मोकळे होतात: काय सोडताय आणि किती थंड सोडताय. पेशी तळाला आणि एकमेकींना ज्या प्रोटीन्सनी धरतात, त्यांना कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. ट्रिप्सिन देण्याआधी आपण या दोन्हींविना पीबीएस वापरतो ते पकड ढिली व्हावी म्हणूनच. मग तेच पीबीएस ‘हळुवार’ वॉशरमध्ये भरून पाच वेळा फिरवायचं आणि पेशी गेल्या की पंपाला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. फ्रीजमधून काढून लगेच वापरलेलं बफरही असंच. थंडीत पेशीच्या आतल्या मायक्रोट्यूब्यूल मोडतात, ताठपणा जातो, आकार बदलतो. म्हणून टाकीचं तापमान आणि बफरमधले आयन हे डिझाइनच्या तक्त्यात, प्रवाहाच्या वेगाच्या शेजारीच लिहायला हवेत.

दुसरी बाजू

हे सगळं वाचून वाटेल, मग अगदी सावकाश, दहा वेळा धुवू. तसंही नाही. हळुवारपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. एका वेलला ५ सेकंद म्हणजे ९६ वेलना एकेक करून ८ मिनिटं, पाच वॉशना ४० मिनिटं, आणि शोषायचा वेळ वेगळाच. तेवढ्यात प्लेट इन्क्युबेटरच्या बाहेर थंड होते, कार्बन डायऑक्साइड उडून मीडियमचा पीएच चढतो. पहिला वेल आणि शेवटचा वेल यांचा अनुभवही सारखा राहत नाही. आठ चॅनलच्या पिपेटने किंवा आठ सुयांच्या पट्टीने तेच काम एका वॉशला मिनिटभरात होतं. म्हणून एका सुईची फिरणारी यंत्रं पाहिली, की मी पहिल्यांदा एकूण वेळ विचारते.

काही नवी डिझाइन्स हा पेच वेगळ्या बाजूने सोडवतात. वेलच्या भिंतीच काढून टाकायच्या, सपाट पृष्ठभागावर पाणी धरून ठेवणारे ठिपके करायचे, भोवती पाणी झटकणारा थर, आणि थेंबात बसलेल्या पेशींवरून शांत प्रवाह न्यायचा. तरंगत्या पेशींसाठी सेंट्रिफ्यूजचे फेरे त्याने वाचतात. मला ही कल्पना आवडते, कारण इथे द्रव ठिपक्यावर शिल्लक राहणं हा दोष न मानता त्याच्याभोवतीच डिझाइन केलंय. पण पेशी नुसत्या वजनाने खाली बसायला थांबावं लागतं, आणि हलक्या किंवा मरत्या पेशी खाली बसल्याच नाहीत तर त्या प्रवाहाबरोबर जातात. म्हणजे निवडीचा प्रश्न इथेही आहेच, फक्त जागा बदललीय.

मग तुम्ही काय करायचं?

असं यंत्र बनवणार असाल, किंवा इंटरव्ह्यूत असा पेपर चर्चेला आला, तर चार तपासण्या लक्षात ठेवा. यातली एकही महाग नाही.

१. वजन करा. प्लेट कोरडी, आणि शोषून झाल्यावर, दोन्ही वेळा. ९६ वेलमध्ये २० मायक्रोलिटर उरलं तर फरक सुमारे १.९ ग्रॅमचा येतो. साधा तराजू पुरतो. सरासरी शिल्लक लगेच कळते.

२. रंग टाका. वेलमध्ये रंगीत द्रव भरा, यंत्राला शोषू द्या, साधं पाणी भरा, प्लेट रीडरवर वाचा. आता प्रत्येक वेलची शिल्लक वेगळी दिसेल. कुठली सुई तुंबलीय, प्लेट कुठे तिरकी बसलीय, हे इथे उघडं पडतं. सरासरी २० असून काही वेल ५ वर आणि काही ४० वर असतील, तर त्या ५ वाल्यांतल्या पेशी कोरड्या पडल्यात.

३. कचरा पाहा. प्रत्येक वॉशचं टाकाऊ द्रव वेगळं गोळा करा, हळूच सेंट्रिफ्यूज करा, हिमोसायटोमीटरवर मोजा. किती पेशी गेल्या, त्यातल्या किती जिवंत होत्या, पहिल्या वॉशला किती आणि पाचव्याला किती. पहिल्या वॉशला जास्त आणि मग शून्याकडे, तर बहुधा आधीच सुटलेल्या पेशी गेल्या. प्रत्येक वॉशला तेवढ्याच जात राहिल्या, तर यंत्र पेशी उपटतंय.

४. न धुतलेला कंट्रोल ठेवा. निदान एका प्रयोगात वॉशशिवाय मोजता येईल असं काहीतरी मोजा, उदाहरणार्थ मायक्रोस्कोपखाली धुण्याआधी आणि नंतर त्याच जागेचा फोटो. आणि हे नुसत्या निरोगी पेशींवर करू नका. औषध दिलेल्या, सैल झालेल्या पेशींवरही करा, कारण यंत्राची खरी परीक्षा तिथेच होते.

या चार गोष्टी केल्यावर मेथड्समधलं ते वाक्य असं लिहिता येईल: ‘वेलमध्ये ५० मायक्रोलिटर शिल्लक ठेवून, ३७ अंशांच्या कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त बफरने पाच वेळा, दर वेळी १५० मायक्रोलिटर साडेसात सेकंदांत, धार भिंतीवर सोडून धुतलं. वॉशमध्ये गेलेल्या पेशी एकूण पेशींच्या इतके टक्के.’ वाक्य लांबलं, मान्य. पण हे वाचून दुसऱ्या गावातली, दुसऱ्या लॅबमधली एखादी मुलगी तोच प्रयोग करू शकेल, तिचा हात हलका असो वा जड.

तुमच्याकडे यंत्र नसेल, नुसती पिपेट असेल, तरी तिसरी तपासणी या आठवड्यात करून बघा. वॉशचं द्रव ब्लीचमध्ये ओतण्याआधी त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवा.